उजवा डावीकडे



संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, "काहीही बोल, पण कॉम्प्युटरवर बोलू नकोस. चहाच्या आधीची वेळ आहे, लोक झोपतील." म्हणून मी हाडं, रक्त आणि मेंदू यांवर बोलणार आहे. झोप लागली तर दोष माझा नाही, विषय मी बदललाय.

बऱ्याच जणांना व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्धवट कळलंय की मी "डॉक्टरकीचा कोर्स" करतेय. तसं नाही. मी अजून सॉफ्टवेअरच लिहिते, बावीस-तेवीस वर्षं तेच करतेय, आणि माझं घरही त्यावरच चालतं. येत्या ऑगस्टपासून मी पॅरामेडिकचं शिक्षण सुरू करणार आहे. त्याला बसण्याआधी शरीररचना आणि शरीरक्रिया हे दोन विषय पास व्हावे लागतात. ते मागच्या वर्षभरात मी न्यू जर्सीतल्या एका काउंटी कॉलेजात, संध्याकाळच्या वर्गात बसून केले. आजूबाजूला बहुतेक एकोणीस-वीस वर्षांची मुलं. पहिल्या दिवशी एका मुलीने मला विचारलं, "तुम्हीच शिकवणार आहात का?"

पण त्या वर्गाच्या आधी आपला वर्ग.

बाईंना आठवत असेल की नाही माहीत नाही, मला मात्र लख्ख आठवतं. बाईंनी फळ्यावर हृदय काढलं होतं. एका बाजूला निळा खडू, दुसऱ्या बाजूला लाल. आकृती पूर्ण झाल्यावर त्यांनी फळ्याच्या डाव्या बाजूच्या कप्प्यावर लिहिलं, 'उजवे अलिंद'. लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, चुकलं! उजवा डावीकडे लिहिला!" तो आवाज कोणाचा होता हे मी सांगणार नाही. तो आत्ता तिसऱ्या रांगेत बसून हसतोय. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी त्यालाच पुढे बोलावलं, आमच्याकडे तोंड करून उभं केलं आणि वर्गाला विचारलं, "याचा उजवा हात तुमच्या कुठल्या बाजूला आला?" वर्ग गप्प. मग बाई म्हणाल्या, "आकृतीतला माणूस तुमच्याकडे बघतोय. उजवं-डावं त्याचं धरायचं, तुमचं नाही."

मागच्या वर्षी त्या काउंटी कॉलेजात पहिल्या तासाला प्राध्यापकांनी एका मुलाला पुढे बोलावलं आणि वर्गाकडे तोंड करून उभं केलं. पाय सरळ, हात बाजूला, तळवे पुढे. शरीररचनेत माणसाचं वर्णन करताना तो नेहमी असाच उभा आहे असं धरतात, मग प्रत्यक्षात तो पालथा पडलेला का असेना. तळवे पुढे का, तर हात उलटा वळवला की कोपराखालची दोन हाडं एकमेकांवर आडवी येतात. आणि मग त्यांनी विचारलं, "याचा उजवा हात कुठला?" मला इतकं हसू आलं की मी खोकल्याचं सोंग केलं.

आपल्याकडे दहावीनंतर काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. गणितात बरे मार्क पडले की इंजिनिअरिंग, आणि अकरावीला बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घेतलं की जीवशास्त्र सुटतं. 'सुटतं' हाच शब्द होता, एखादं दुखणं सुटावं तसा. मीही आनंदाने सोडलं. बेडूक नको, झुरळ नको, लॅटिन नावं नकोत. पुढच्या सत्तावीस वर्षांत मला स्वतःच्या शरीराबद्दल दहावीच्या पुस्तकापेक्षा जास्त काही ठाऊक नव्हतं, आणि दोन मुलं होऊनही त्यात फारशी भर पडली नाही.

आता पॅरामेडिक म्हणजे काय, ते थोडक्यात. आपल्याकडे 'पॅरामेडिकल' म्हटलं की लॅब टेक्निशियनपासून सगळे येतात, आणि महाराष्ट्रातल्या 108 च्या गाडीत डॉक्टर असतात. अमेरिकेत गाडीत डॉक्टर नसतो. पहिली पायरी ईएमटीची. ईएमटी रक्तस्राव थांबवतो, ऑक्सिजन देतो, सीपीआर करतो, हाड बांधतो, अगदी मोजकी औषधं देतो. त्याच्या वरची पायरी पॅरामेडिकची. तो शिरेतून औषध देतो, हृदयाचा आलेख वाचतो, श्वासनलिकेत नळी घालतो. न्यू जर्सीत या दोघांच्या गाड्याही वेगळ्या असतात. गावोगावी स्वयंसेवकांची पथकं आहेत, त्यांच्या ॲम्ब्युलन्सवर ईएमटी जातात, आणि गरज पडली तर हॉस्पिटलचे पॅरामेडिक दुसऱ्या गाडीने येऊन मिळतात. ईएमटीचं शिक्षण काही महिन्यांत होतं, पॅरामेडिकचं हजार तासांच्या वर जातं. मी 2021 मध्ये ईएमटी झाले. आठवड्यातून एक रात्र आणि महिन्यातून एक रविवार आमच्या गावच्या पथकात जाते, विनामोबदला.

हे अमेरिकेत आधीपासून असं होतं असंही नाही. 1960 च्या दशकापर्यंत तिकडे अनेक गावांत ॲम्ब्युलन्स म्हणजे अंत्यविधी करणाऱ्यांची गाडी असायची. तिच्यात माणूस आडवा मावतो, एवढीच तिची पात्रता. पिट्सबर्गमध्ये हे काम पोलिसांची गाडी करायची. तिथे 1967 मध्ये 'फ्रीडम हाउस' नावाची सेवा सुरू झाली. सीपीआर ज्यांच्यामुळे जगभर पोहोचलं त्या डॉ. पीटर सफार यांनी हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुणांना शिकवून तयार केलं. त्यांच्यातले कित्येक जण शाळा अर्धवट सोडलेले होते, आणि यांना कोणी नोकरी देणार नाही असं शहर म्हणत होतं. सफारनी त्यांना फक्त पट्ट्या बांधायला शिकवलं नाही, शरीररचना आणि शरीरक्रियाही शिकवली. पुढे त्याच सेवेच्या वैद्यकीय प्रमुख झालेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी पॅरामेडिकचं पाठ्यपुस्तक लिहिलं. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी बी.ई. डिस्टिंक्शन असल्याचा माझा जो थोडा ताठा होता तो गुंडाळून ठेवला.

ईएमटी होऊन तीन वर्षं झाली होती. सगळं बरं चाललं होतं. मग 2024 च्या उन्हाळ्यात एका रविवारी संध्याकाळी आम्हाला सायकलवरून पडलेल्या एका मुलाकडे पाठवलं. सतरा-अठरा वर्षांचा. हँडलचं टोक पोटात डावीकडे, बरगड्यांच्या खाली लागलं होतं. रक्त कुठेच नाही. मुलगा शुद्धीवर, बोलत होता, स्वतःपेक्षा फोनच्या फुटलेल्या काचेची त्याला जास्त काळजी होती. मी रक्तदाब घेतला, 118 वर 76. माझ्यापेक्षाही चांगला. त्याची आई शेजारी थरथरत उभी होती. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "ब्लड प्रेशर एकदम छान आहे. काळजी करू नका."

माझ्याबरोबर पथकातले एक आजोबा होते, निवृत्त प्लंबर, तीस वर्षं हे काम करणारे. त्यांनी मुलाच्या कपाळाला हात लावला, मग माझ्याकडे बघून एकच शब्द विचारला, "पल्स?" नाडी 124 होती. मीच मोजली होती, मीच कागदावर लिहिली होती. कपाळ गार आणि ओलसर होतं. त्यांनी तिथल्या तिथे पॅरामेडिक मागवले. ते वाटेत आम्हाला येऊन मिळेपर्यंत वरचा आकडा 84 वर आला होता आणि मुलगा बोलायचा थांबला होता. त्याची प्लीहा फुटली होती. प्लीहा म्हणजे आपल्या आज्या जिला पाणथरी म्हणायच्या ती. रक्त बाहेर न येता पोटात साचत होतं.

तो वाचला. दीड महिन्याने त्याची आई पथकाकडे केक घेऊन आली. तिने माझे खास आभार मानले, कारण त्या दिवशी मी तिला धीर दिला होता.

घरी येऊन मी माझं ईएमटीचं पुस्तक उघडलं. त्यात सगळं लिहिलेलं होतं: नाडी जलद, त्वचा गार-ओली, रक्तदाब उशिरा पडतो. मी परीक्षेत ते बरोबरही लिहिलं होतं. पण 'का' ते मला माहीत नव्हतं, त्यामुळे ते पाठ केलेलं वाक्य राहिलं. समोरच्या मुलाच्या अंगावर ते मला दिसलं नाही. पॅरामेडिक व्हायचं की नाही हे तेव्हा ठरलं नव्हतं, पण 'का' शिकायचं हे त्या रात्री ठरलं.

तर ते 'का' तुम्हालाही सांगते. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांच्या भिंतीत रक्ताचा दाब ओळखणारे संवेदक बसवलेले आहेत. रक्त कमी झालं, दाब जरा उतरला, की ते मेंदूच्या तळाला खबर देतात. तिथून हुकूम सुटतात: हृदया, जोरात चाल, कातडीच्या आणि आतड्यांच्या रक्तवाहिन्यांनो, आवळून घ्या, रक्त मेंदूला आणि हृदयाला द्या. म्हणून अंग गार पडतं. त्याच चेतातंतूंच्या जाळ्याने घामही सुटतो, म्हणून ते ओलं लागतं. प्रौढ माणसात साधारण 5 लिटर रक्त असतं. धडधाकट माणसाचं त्यातलं जवळजवळ 30 टक्के वाहून जाईपर्यंत शरीर रक्तदाबाचा आकडा बराचसा सांभाळून धरू शकतं. जवळपास दीड लिटर रक्त गेलेलं असतं, आणि यंत्रावर आकडा छान. तरुण माणसात हे सोंग जास्त चांगलं वठतं, आणि मग सोंग संपतं तेव्हा एकदम संपतं.

इथे माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. आमच्याकडे असंच असतं. सर्व्हरवर भार वाढला की यंत्रणा आपोआप जादा सर्व्हर लावते, पडद्यावर सगळे दिवे हिरवे. बाहेरच्याला काही कळत नाही. राखीव साठा संपला की मग सगळं एका मिनिटात कोसळतं. अशा वेळी आम्ही हिरवा दिवा बघत नाही, दिवा हिरवा ठेवायला यंत्रणेला किती धावावं लागतंय ते बघतो. म्हणजे जी गोष्ट मी ऑफिसात रोज करते, ती त्या मुलाच्या बाबतीत मी केली नाही. 124 म्हणजे ती धावाधाव होती.

दुसरा खोटा हिरवा दिवा तुमच्या सगळ्यांच्या घरात आहे. कोविडमध्ये बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर आपण सगळ्यांनी घेतलं. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून कोणी चक्कर येऊन पडलं, तर त्या यंत्रावर विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, आणि ते साधं यंत्र त्यालाही ऑक्सिजनच समजतं. आकडा 98 दाखवेल. माणसाला आधी मोकळ्या हवेत काढा. आणि जमलं तर तो गीझर बाथरूमच्या बाहेर बसवून घ्या.

अभ्यासाबद्दल सांगते, कारण बाईंना त्यात रस असेल. पंचेचाळिसाव्या वर्षी पाठांतर होत नाही, अशी माझी समजूत होती. मोठ्या माणसाच्या अंगात 206 हाडं. मी घरभर चिठ्ठ्या लावल्या. फ्रिजवर कवटी, मायक्रोवेव्हवर मनगट, जिन्याच्या कठड्याला मणके. मनगटाची आठ हाडं मी शेवटी पाढ्यांच्या चालीवर पाठ केली: स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म... धाकटा मुलगा म्हणाला, "आई, तू आरती म्हणतेयस का?" 'तानापिहिनिपाजा' करणाऱ्या पिढीला हे अवघड नाही. अवघड हे होतं, की शब्दांमागे काही दिसत नव्हतं.

मग एका शनिवारी सहज म्हणून मी एकेका नावाचा अर्थ शोधायला लागले आणि पहाटे दोनपर्यंत उठलेच नाही. पटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी थाळी. आपण काय म्हणतो? गुडघ्याची वाटी! कॉक्लिया म्हणजे गोगलगाय, कानाच्या आतलं ते वळण. कॉक्सिक्स म्हणजे ग्रीकमध्ये कोकिळा, कारण त्या हाडाचा आकार तिच्या चोचीसारखा. आपण त्यालाच माकडहाड म्हणतो. त्यांना चोच दिसली, आपल्याला शेपूट. इतकी वर्षं मी या नावांना भीत होते, आणि ती होती गावातल्या कोणीतरी ठेवलेली टोपणनावं. 'श्वासपटल' हा तर मला डायफ्रॅमपेक्षा कितीतरी सरस शब्द वाटतो. पटल म्हणजे पडदा, आणि श्वासाचा. तो खाली सरकतो म्हणून हवा आत येते. शब्दातच अर्धं शरीरक्रियाशास्त्र आहे. मराठी माध्यमामुळे मी मागे पडले असं मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी फार वाटायचं. या वर्षी पहिल्यांदा उलटं वाटलं.

प्रयोगशाळेत मेंढीचं हृदय कापायला दिलं होतं. मी अंडंही न शिवणाऱ्या घरातली. हातमोजे घालून पाच मिनिटं नुसती बघत राहिले. कापल्यावर दोन गोष्टी दिसल्या. झडपांना खालून धरून ठेवणारे पांढरे तंतू, पतंगाच्या मांजासारखे ताठ. ते नसते तर हृदय आकुंचन पावताना झडप छत्रीसारखी उलटी झाली असती. आणि दुसरं, डाव्या निलयाची भिंत. उजव्याच्या कितीतरी पट जाड. उजव्याला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच रक्त ढकलायचं असतं, डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. बाई, तुमच्या त्या फळ्यावरच्या आकृतीत लाल बाजूची रेघ जाड होती. मला तेव्हा वाटलं होतं, तुमचा खडू घसरला. त्या रात्री आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ते असू दे. हात नीट धुतलेस ना?"

माझ्या धंद्यातल्या उपमा फार दूर नेता येत नाहीत, हेही याच वर्षी कळलं. स्वरयंत्राला जाणारी एक नस आहे. मेंदूकडून निघून ती सरळ गळ्यात शिरत नाही. डाव्या बाजूची तर छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येऊन स्वरयंत्राला मिळते. ऑफिसात कोणी असं वायरिंग केलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं. पण हे कोणी आखून केलेलं नाही, साचत साचत झालेलं आहे, आणि त्यातच जगायचं आहे. बंद करून परत चालू करण्याची सोय नाही. चाचणीसाठी वेगळी प्रत नाही.

वायरिंगचाच एक भाग कामाला लागलेलाही सांगते. आमच्या भागात आपली माणसं बरीच आहेत, आणि मुलाकडे राहायला आलेले आईवडीलही. मागच्या शरद ऋतूत एका घरी गेलो. सत्तरीच्या मराठी काकू, मधुमेह असलेल्या. सून म्हणत होती, ॲसिडिटी आहे. काकू मला म्हणाल्या, "अगं, गॅस झालाय, पाठीत भरून आलंय, आणि उगीच जीव घाबरा होतोय." जीव घाबरा होतोय याचं इंग्रजी काय करणार? भाषांतर करत बसण्यापेक्षा मला तो धडा आठवला. हृदयाकडून येणाऱ्या वेदनेच्या तारा आणि हात, पाठ यांच्याकडून येणाऱ्या तारा पाठीच्या कण्यात एकाच ठिकाणी जोडल्या जातात. मेंदूला कळत नाही की फोन कोणाकडून आला. म्हणून दुखतं हृदय आणि आपण चोळतो पाठ. मधुमेह असेल, वय झालेलं असेल, विशेषतः बाई असेल, तर छातीतली ती सिनेमातली कळ येईलच असं नाही. मी पॅरामेडिक मागवले. आलेखात हृदयविकाराचा झटका निघाला. काकूंना चावायला ॲस्पिरिन दिली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "रिकाम्या पोटी गोळी देतेस होय?"

आता एक गोष्ट, जी मी इथे बोलावी की नाही यावर विमानात विचार करत होते.

माझ्या बाबांना तुम्ही सगळे ओळखत होता. पोस्टात होते. गावातला कुठला माणूस कुठल्या गल्लीत राहतो हे त्यांना पत्ता न वाचता सांगता यायचं. 2018 मध्ये एका रविवारी सकाळी, म्हणजे माझ्याकडे शनिवारी रात्री, आम्ही नेहमीसारखे व्हिडिओवर बोलत होतो. बाबांनी चहाचा कप डाव्या हातात धरला होता. ते बोलत होते ते जरा जड वाटत होतं, आणि ओठाची उजवी कड खाली ओघळल्यासारखी दिसत होती. मी हे पाहिलं. आई म्हणाली, काल उशिरापर्यंत लग्नात होते. आणि मी म्हणाले, "झोप झाली नसेल. पडू दे त्यांना."

ते पाच तास झोपले. उठवायला गेल्यावर आईला कळलं. त्यांना उचलून गाडीत घालून जिल्ह्याला नेणारे दोघं या सभागृहात बसलेत, त्यांच्यातल्या एकाने स्वतःच्या मुलीचा बघण्याचा कार्यक्रम सोडून गाडी काढली होती. त्यांचं नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोजायला सुरुवात माणूस शेवटचा ठणठणीत दिसला त्या क्षणापासून. ते देऊन बाबा बरे झाले असते असं मी म्हणत नाही. पण ते तास माझ्या एका वाक्याने गेले.

बाबा पुढे अडीच वर्षं होते. उजवा हात गेला, आणि शब्द गेले. ऐकलेलं सगळं कळायचं, तोंडातून मात्र एकच शब्द यायचा, 'बरं'. होकारालाही बरं, रागालाही बरं, रडतानाही बरं.

शरीरक्रियेच्या वर्गात मज्जासंस्थेचा धडा आला तेव्हा मी हे सगळं विसरून गेले होते, म्हणजे तसं मला वाटत होतं. मेंदूच्या तळाशी मस्तिष्कपुच्छ असतं, आपल्या पुस्तकातला तोच शब्द. तिथे मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे बहुतेक तंतू बाजू बदलतात. उजवीकडचे डावीकडे, डावीकडचे उजवीकडे. म्हणून मेंदूच्या डाव्या भागात बिघाड झाला की शरीराची उजवी बाजू लुळी पडते. आणि बोलण्याचं केंद्र बहुतेकांत डावीकडेच असतं, म्हणून उजवा हात आणि शब्द बरोबरच जातात. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये ते केंद्र दाखवून दिलं, ते अशाच एका रुग्णाच्या मेंदूवरून. तो माणूस 'टॅन' एवढंच बोलायचा. पुस्तकात ते चार ओळींत होतं. मी पुस्तक मिटलं, गाडीत जाऊन बसले आणि अर्ध्या तासाने वर्गात परत आले. त्या घटक चाचणीत मला पूर्ण मार्क मिळाले. दोन्ही सेमिस्टर मिळून तेवढ्याच एका चाचणीत.

म्हणून तुमच्याकडून एवढं पाठ करून घेतेय, जेवढं मला तेव्हा यायला हवं होतं. कोणी अचानक वेगळं वाटलं तर हसायला सांगा, चेहरा एका बाजूला ओघळतोय का बघा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतो का बघा. एक वाक्य म्हणून घ्या, जड येतंय का ऐका. तिन्हीतलं एकही दिसलं तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि 108 लावा. पडू देऊ नका.

ऑगस्टची मला भीती वाटतेय. पहिल्या सेमिस्टरला बी प्लस मिळाला, दुसऱ्याला जेमतेम ए मायनस. पॅरामेडिकला चुकीला जागा आणखी कमी आहे, आणि दिवसा नोकरी आहेच. नवरा म्हणतो, तू ड्युटीवर असशील त्या रात्री स्वयंपाक मी करीन. हा त्याचा पाठिंबा आहे की धमकी, ते ज्यांनी त्याच्या हातचं खाल्लंय त्यांनी ठरवावं.

चहा लागलाय, संयोजक खुणा करतायत. सभागृहाच्या मागे सतरंजीवर मी रबराचे दोन अर्धपुतळे ठेवलेत. मुंबई विमानतळावर त्यांच्यासाठी माझी बॅग उघडायला लावली होती, तो किस्सा चहाबरोबर सांगते. चहा झाला की दहा-दहा जणांनी यायचं, सीपीआर करून बघायचं. मिनिटाला 100 ते 120 दाब, निदान 5 सेंटीमीटर खोल. गुडघे दुखणाऱ्यांनी नुसतं मोजायला बसा. बाई, तुम्ही खुर्चीवर बसून चुका काढा. सुरुवात तिसऱ्या रांगेतल्याने करायची. या वेळी उजव्या-डाव्याचा घोटाळा होणार नाही, छातीच्या मधोमध दाबायचं असतं.